स्कॅनआधी विचारायचे प्रश्न : मुलं, रेडिएशन आणि रक्ताचा कर्करोग

लहान मुलाच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी घरात आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘करून टाका, मनात शंका नको. पैसे गेले तर गेले.’ दुसरा म्हणतो, ‘एवढ्याशा जिवाला ते रेडिएशन कशाला? उद्या ब्लड कॅन्सर झाला तर?’ मग वादाचा निकाल घरात आवाज कोणाचा चालतो त्यावर लागतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघंही मात्रा विसरतात. किती रेडिएशन, शरीराच्या कोणत्या भागाला, कोणत्या वयात आणि कितव्यांदा, हे कळल्याशिवाय भीतीलाही आधार नाही आणि निर्धास्तपणालाही नाही.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त प्रमाण रक्ताच्या कर्करोगाचं, म्हणजे ल्युकेमियाचं असतं. रेडिएशनमुळे लवकर दिसू शकणाऱ्या कर्करोगांतही तोच पहिला. त्यामुळे पालकांची शंका खुळी नाही. तिला आकड्यांत बसवलं की निर्णय सोपा होतो.

आधी मात्रा समजून घेऊ

रेडिएशनमुळे शरीराला किती अपाय संभवतो हे मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. माती, दगड, हवेतला रेडॉन वायू, आपलं अन्न आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यांच्यामुळे प्रत्येक माणसाला रोज थोडं रेडिएशन मिळतच असतं. त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. ती मोजपट्टी धरून तपासण्यांकडे पाहा.

- छातीचा एक्स-रे : सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून तीन दिवसांत मिळतं तेवढं. दाताच्या एका एक्स-रेत याहूनही कमी.
- डोक्याचा सीटी स्कॅन : साधारण २ मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून नऊ-दहा महिन्यांत मिळतं तेवढं.
- पोटाचा सीटी स्कॅन : साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून दोन ते चार वर्षांत मिळतं तेवढं.
- सोनोग्राफी आणि एमआरआय : या प्रकारचं रेडिएशन अजिबात नाही.

मशीन, सेटिंग आणि मुलाचं वय यांनुसार हे आकडे बदलतात, पण एकमेकांशी असलेलं प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. खोकला बरा होत नाही म्हणून, टीबीची शंका आहे म्हणून किंवा हात मोडला म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर रेडिएशनच्या भीतीने तो टाळू नका. थांबून विचार करण्यासारखी तपासणी सीटी स्कॅनची आहे, त्यातही वारंवार होणाऱ्या सीटी स्कॅनची.

मुलांच्या बाबतीत जास्त सावधगिरी का, याची कारणं शरीररचनेत आहेत. ल्युकेमिया सुरू होतो तो अस्थिमज्जेत, जिथे रक्तपेशी तयार होतात. मोठ्या माणसाच्या कवटीत रक्त तयार करणारी मज्जा थोडीच उरलेली असते. तान्ह्या मुलाच्या कवटीत मात्र तिचा मोठा वाटा असतो, त्यामुळे डोक्याचा सीटी म्हणजे मज्जेचाही सीटी ठरतो. मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात. शिवाय मोठ्यांसाठी ठरवलेलं सेटिंग लहान अंगावर तसंच वापरलं तर आतल्या अवयवांना गरजेपेक्षा जास्त मात्रा मिळते.

धोका आहे, पण केवढा?

ऑगस्ट १९४५मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. त्यातून वाचलेल्यांमध्ये दोन-तीन वर्षांनी ल्युकेमियाचे रुग्ण वाढू लागले. स्फोटाच्या वेळी जे वयाने लहान होते, त्यांच्यात ही वाढ ठळक होती. त्या मात्रा मोठ्या होत्या. दवाखान्यातल्या छोट्या मात्रांचं काय, हा प्रश्न त्यानंतर कित्येक दशकं वादात राहिला, कारण छोटा धोका शोधायला लाखो मुलांची नोंद लागते.

अशी नोंद मिळाली ती सीटी स्कॅनचा वापर वाढल्यावर. २०१२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ८० हजार मुला-तरुणांचा अभ्यास आला. दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचा डोक्याचा एकेक सीटी झाला, तर पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यात ल्युकेमियाचा साधारण एक आणि मेंदूच्या गाठीचा साधारण एक रुग्ण वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. २०२३ साली युरोपातल्या नऊ देशांमधल्या साडेनऊ लाखांच्या आसपास व्यक्तींचा अभ्यास ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्षही जवळपास तोच : आजच्या पद्धतीने सीटी केलेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या आणि लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचे मिळून एक ते दोन रुग्ण त्या स्कॅनमुळे असतील.

आता हा आकडा मुळातल्या धोक्याशेजारी ठेवू. ब्रिटनसारख्या देशात पंधराव्या वर्षापर्यंत साधारण दोन हजारांत एका मुलाला ल्युकेमिया होतो, म्हणजे १०,०००मध्ये पाच जणांना. स्कॅन झाला नसता तरी हे पाच असतेच, स्कॅनमुळे त्यात एखाद-दुसऱ्याची भर पडते. उरलेल्या नऊ हजार नऊशेहून अधिक मुलांना त्या स्कॅनमुळे असा कर्करोग होत नाही. एका मुलापुरता हा धोका फार लहान आहे. पण देशभर लाखो स्कॅन होतात आणि त्यांतला एक भाग गरजेशिवाय होतो. त्या विनाकारण स्कॅनमागे आजारी पडणारं मूल कोणाचं तरी असतंच.

एवढ्यापर्यंत धोका नाही आणि यापुढे आहे, अशी रेषा आजवर सापडलेली नाही. म्हणून जगभरच्या नियामक संस्था मात्रा कमी तेवढा धोका कमी, असं धरूनच नियम करतात. पालकांनीही तेच धरावं : गरजेचा स्कॅन निःशंकपणे करावा, बिनगरजेचा एकही करू नये.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असा समज आहे. खाली दिलेले प्रश्न सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येणार नाही.

१. या स्कॅनच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का? रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच असेल, तर स्कॅन कशासाठी?

२. सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का? अपेंडिक्सची शंका असेल तर मुलांमध्ये आधी सोनोग्राफी करतात आणि चित्र स्पष्ट झालं नाही तरच पुढचा विचार होतो. मेंदूची वारंवार तपासणी लागणाऱ्या आजारांत एमआरआयचा पर्याय जरूर विचारा. मात्र एमआरआयला वेळ आणि पैसा जास्त लागतो. लहान मुलाला कधी भूल द्यावी लागते आणि तिचेही धोके असतात. त्यामुळे एमआरआय दर वेळी सरस ठरेल असं नाही.

३. काही तास किंवा काही दिवस थांबून लक्ष ठेवलं तर चालेल का?

४. आधी काढलेला स्कॅन चालेल का? हॉस्पिटल बदललं की तोच स्कॅन पुन्हा, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. म्हणून फिल्म आणि सीडी दोन्ही सांभाळून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.

५. जेवढा भाग पाहायचा आहे तेवढाच आणि एकदाच स्कॅन होईल ना? कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधी एकदा आणि दिल्यानंतर एकदा, असा दोनदा स्कॅन केला की मात्रा जवळपास दुप्पट होते. बऱ्याच मुलांत एकदाच पुरतो.

डोक्याला मार लागला तर

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मूल पलंगावरून पडतं, टेंगूळ येतं आणि घाबरून थेट सीटी सेंटर गाठलं जातं. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या पण शुद्धीवर असलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं शंभरात एकाहून कमी होती. कोणाला सीटी नको, हे लक्षणांवरून ठरवायचे नियम त्या अभ्यासातून तयार झाले आणि आज अनेक देशांत ते वापरले जातात.

मार जोराचा असेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पुढची लक्षणं दिसली तर रेडिएशनचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब हॉस्पिटल गाठा :

- मूल बेशुद्ध झालं किंवा आकडी आली
- उठवूनही नीट जागं होत नाही, गुंगीत आहे, नेहमीसारखं वागत नाही
- पुन्हा पुन्हा उलट्या होत आहेत, डोकं असह्य दुखत आहे
- कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येत आहे
- दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याच्या मागे किंवा बाजूला मऊ सूज आली आहे
- उंचावरून पडणं किंवा वाहनाची धडक असा मोठा अपघात आहे

यांतलं काहीच नसेल, मूल रडून शांत झालं असेल, खेळत-खात असेल, तर डॉक्टर अनेकदा चार ते सहा तास नजरेखाली ठेवायला सांगतात. हे थांबणं म्हणजे हयगय नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. अशा वेळी ‘एकदा स्कॅन करूनच टाका’ असा हट्ट पालकांनीच धरू नये.

सेंटरवर गेल्यावर

भारतात एक्स-रे आणि सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. परवाने ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून दिले जातात. सेंटरवर परवाना आहे का, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणी नसलेल्या, जुनाट मशीनवर स्वस्तात होणारी तपासणी मुलासाठी नको.

तंत्रज्ञाला मुलाचं वय आणि वजन आठवणीने सांगा आणि लहान मुलांचं सेटिंग लावलं आहे का ते विचारा. मूल हललं की फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. म्हणून त्याला आधी समजावून सांगा, आवडतं खेळणं हातात द्या, तान्हं असेल तर पाजून झोपवून न्या. मुलाला धरून ठेवावं लागलं तर धरणाऱ्याने शिशाचा ॲप्रन घालावा. आई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर तिने आत थांबू नये. वडील, आजी किंवा मामा यांपैकी कोणी धरावं. सोबतच्या भावंडांना बाहेर बसवा.

घरी एक नोंद ठेवा. लसीकरणाच्या कार्डाला जोडलेला एक कागद पुरेल. त्यावर तारीख, शरीराचा भाग, सेंटरचं नाव आणि सीटी असेल तर रिपोर्टवर किंवा फिल्मवर छापलेला ‘डीएलपी’ हा आकडा लिहा. तो त्या स्कॅनमधल्या मात्रेचं माप सांगतो. पुढच्या डॉक्टरांना हा कागद दाखवला की मुलाचे आजवर किती स्कॅन झाले ते एका नजरेत कळतं.

गरोदरपणातला एक्स-रे

छोट्या मात्रेचा आणि बालपणीच्या कर्करोगाचा संबंध सर्वप्रथम दाखवला तो ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी गरोदरपणाविषयी सविस्तर प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं निरोगी मुलांच्या आयांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांचं प्रमाण पहिल्या गटात जवळपास दुप्पट निघालं. १९५६मध्ये त्यांनी हे प्राथमिक स्वरूपात आणि १९५८मध्ये विस्ताराने मांडलं. त्या काळी बाळ कसं आहे आणि आईचं कटीर पुरेसं रुंद आहे का, हे पाहायला सर्रास एक्स-रे काढत. आजारी मुलांच्या आयांना जुन्या गोष्टी जास्त आठवतात, म्हणून हा निष्कर्ष फसवा आहे, अशी टीका झाली. १९६२ साली अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी आयांच्या आठवणींऐवजी हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही धोका वाढलेलाच दिसला. पुढे गरोदरपणातल्या एक्स-रेची जागा सोनोग्राफीने घेतली.

यातून आजच्या स्त्रीने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, पाळी चुकली असेल किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल तर कोणत्याही एक्स-रे किंवा सीटीआधी स्वतःहून सांगावं, कोणी विचारायची वाट पाहू नये. दुसरी तितकीच महत्त्वाची : नकळत एक्स-रे झाला म्हणून घाईने गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. छातीच्या, दाताच्या किंवा हातापायाच्या एक्स-रेमधून गर्भापर्यंत नगण्य मात्रा पोचते. गर्भाला १० मिलिग्रे (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या रेडिएशनचं एकक) एवढी मात्रा मिळाली, जी एखाद्या पोटाच्या सीटीच्या जवळपास जाते, तरी बालपणी कर्करोग होण्याचा वाढीव धोका साधारण १,७००मध्ये एक इतकाच मानला जातो. गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलिग्रेपेक्षा कमी असेल तर केवळ रेडिएशनच्या कारणाने गर्भपात करणं योग्य नाही, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाचं मार्गदर्शन आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून तपासणीचे कागद वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाला दाखवा. ते मात्रेचा हिशोब काढून देतात.

टॉवर, अणुवीज केंद्र आणि समुद्राची वाळू

मोबाइल टॉवर, वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह यांच्या लहरींमध्ये एक्स-रेसारखी पेशींतले रेणू तोडण्याची ताकद नसते. टॉवरवरून सोसायटीत भांडणारे पालकच सर्दीसाठी सायनसचा सीटी विनातक्रार करून घेतात, तेव्हा काळजीचं पारडं उलट्या बाजूला झुकलेलं असतं.

अणुवीज केंद्रांभोवतीचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. ब्रिटनमध्ये सेलाफिल्ड या अणुप्रकल्पाजवळच्या सीस्केल गावात मुलांमध्ये ल्युकेमियाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं १९८३ साली पुढे आलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात, केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. पण तिथली मोजलेली मात्रा नैसर्गिक मात्रेच्या तुलनेत अतिशय कमी होती, वाढीचं कारण ठरावं इतकी मुळीच नव्हती. बाहेरून आलेल्या लोकवस्तीबरोबर पसरणारा एखादा संसर्ग यामागे असावा, असं काही संशोधकांचं मत आहे. आपल्याकडे तारापूरसह प्रत्येक केंद्राच्या परिसरात पाणी, माती, दूध आणि मासळी तपासणारी प्रयोगशाळा असते. त्या भागातल्या रहिवाशांनी ते अहवाल मागावेत आणि वाचावेत. अफवेला तेच उत्तर आहे.

केरळच्या करुनागापल्ली किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम असल्याने तिथे नैसर्गिक रेडिएशन सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. तिथल्या अभ्यासात कर्करोग वाढलेला आढळला नाही. पण तो अभ्यास तिशीपुढच्या माणसांचा होता. मुलांच्या ल्युकेमियाबद्दल त्यावरून ग्वाही देता येत नाही.

आजाराची खूण ओळखा

रेडिएशनने होणारा ल्युकेमियाही साधारण दोन वर्षं उलटल्याशिवाय दिसत नाही. मागच्या महिन्यातल्या एक्स-रेने आज आजार झाला, असं होत नाही. ल्युकेमिया झालेल्या बहुसंख्य मुलांत कोणतंही एक कारण दाखवता येत नाही. मुलांमधल्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात पहिला जनुकीय बदल पुष्कळदा जन्माआधीच झालेला असतो आणि पुढचे बदल नंतर घडतात. म्हणून आई-वडिलांनी स्वतःला दोष देत बसू नये.

लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर. दोन आठवड्यांहून अधिक येत-जात राहणारा ताप, वाढता फिकटपणा आणि थकवा, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग किंवा लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, रात्री झोपमोड करणारं हाडांचं दुखणं, लंगडत चालणं, मानेत किंवा काखेत न दुखणाऱ्या गाठी, पोटाचा वाढलेला घेर. अशा वेळी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी आणि सोबत रक्ताचा स्मिअर करून घ्या. निदान होण्याआधी सांधेदुखीसाठी किंवा डागांसाठी कोणी स्टेरॉइड देत असेल, तर ‘आधी रक्त तपासायचं का?’ असं विचारा. स्टेरॉइडने आजार काही काळ दबतो आणि निदान लांबतं.

मुलांमधला ल्युकेमिया आज बरा होणारा आजार आहे. प्रगत देशांत त्याच्या नेहमीच्या प्रकारातली दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात आणि आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांतही निम्म्याहून बरीच जास्त. मुंबईत परळचं टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघरचं त्याचंच केंद्र अशा मुलांवर उपचार करतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. पहिल्या काही महिन्यांत मूल हसू-खेळू लागतं, गाव लांब असतं, रोजगार बुडतो आणि मग काही कुटुंबं ‘आता बरा झाला’ म्हणून फेऱ्या थांबवतात. तिथेच आजार उलटतो. उपचारांच्या काळात डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक स्कॅन करून घ्या, त्या वेळी त्यातल्या रेडिएशनचा हिशोब मांडू नका. पैसे किंवा राहण्याची अडचण आली तर फेरी चुकवण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. एका सीटी स्कॅनने वाढणारा धोका दहा हजारांत एक-दोन असतो. अर्धवट सोडलेल्या उपचारांनंतर मात्र मूल वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.